सर्वात कमी दर भरणाऱ्यालाच काम का मिळतं?

पहिल्या पावसात नवा रस्ता उखडतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि तिच्या शेवटी एक वाक्य हमखास असतं: ‘कंत्राटदाराने हे काम अंदाजपत्रकापेक्षा २८ टक्के कमी दराने घेतले होते.’ वाचणारा चिडतो. शंभर रुपयांचं काम बहात्तर रुपयांत कसं होणार, एवढं साधं गणित साहेबांना कळत नाही का?

साहेबांना ते कळतं. तरीही काम त्यालाच द्यावं लागतं, कारण नियम तसा आहे, आणि त्या नियमामागे कारणंही आहेत. घोळ बहुतेक वेळा दर उघडण्याच्या आधी झालेला असतो. कोणाला स्पर्धेत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ठरतं त्या टप्प्यावर. बातमीत तो टप्पा क्वचितच येतो.

कामाची किंमत आधी कशी ठरते

सरकारी कामाचं अंदाजपत्रक अभियंता मनाने करत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. एक घनमीटर खोदाई, एक घनमीटर काँक्रीट, एक चौरस मीटर गिलावा, प्रत्येक बाबीचा दर तिथे छापलेला असतो. त्या दरात माल, मजुरी, यंत्रांचं भाडं आणि कंत्राटदाराचा नफाही धरलेला असतो.

राज्यात बांधकाम खात्याच्या बहुतेक निविदा तीन साच्यांत निघतात. बी-१ मध्ये सरकारी दर समोर असतात आणि कंत्राटदार फक्त ‘इतके टक्के जास्त’ किंवा ‘इतके टक्के कमी’ सांगतो. बोलीभाषेत यालाच अबव्ह आणि बिलो म्हणतात. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर कंत्राटदार स्वतः भरतो. सी मध्ये सगळ्या कामाची एक ठोक रक्कम.

बिलो गेला म्हणजे चोरी करणारच, असं यातून निघत नाही. स्वतःची खडी-क्रशर असलेला, यंत्रं फेडून झालेली असलेला आणि शेजारच्याच तालुक्यात काम चालू असलेला माणूस खरोखर कमी खर्चात काम करू शकतो. कधी दरसूचीतले दरच बाजारभावाच्या वर असतात. त्यामुळे नुसती टक्केवारी पाहून निकाल देता येत नाही. हा माणूस इतका खाली का गेला, हे विचारावं लागतं.

दोन लिफाफे

निविदा दोन लिफाफ्यांत येते. पहिल्यात कंत्राटदार कोण आहे ते, दुसऱ्यात त्याचा दर. पहिला उघडून तपासतात, त्याला तांत्रिक छाननी म्हणतात. त्यात जे उतरतील त्यांचाच दुसरा लिफाफा उघडतो. आता हे लिफाफे ‘महाटेंडर्स’ या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीने भरले जातात, पण नाव लिफाफ्याचंच राहिलं आहे.

लग्नाला आचारी ठरवताना आपण हेच करतो. आधी विचारतो, याने कोणाकोणाकडे जेवण केलं, पाचशे पानांची पंगत सांभाळली आहे का, त्या तारखेला दुसरीकडे तर गुंतलेला नाही ना. ही उत्तरं पटली तरच ताटाचा भाव विचारतो. ज्याने पन्नास माणसांच्या मुंजीपलीकडे काही केलेलं नाही, त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो ऐकून उपयोग नसतो.

पहिल्या लिफाफ्यात नोंदणीचा वर्ग, बयाणा रक्कम, उलाढाल, तशाच कामांचा अनुभव, यंत्रसामग्री आणि हातातल्या कामांची यादी असते. सगळ्या अटी पूर्ण झाल्या की कंत्राटदार पात्र. आणि एकदा पात्र ठरले की सगळे सारखे. वीस वर्षं उत्तम काम केलेला आणि काठावर पास झालेला यांच्यात पुढे काहीही फरक केला जात नाही. मग फक्त दर बघायचा आणि सर्वात कमी, म्हणजे एल-वन, त्याला काम. म्हणून पहिल्या लिफाफ्यातल्या अटी ढिल्या असतील किंवा त्यांची तपासणी नावापुरती होत असेल, तर दुसरा लिफाफा काठावरच्यालाच निवडून देणार.

अनुभव कसा मोजायचा

अनुभव मोजायला केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये एक मोजपट्टी दिली आणि तिच्यावर बेतलेल्या अटी आजही देशभर दिसतात. गेल्या सात वर्षांत तशीच तीन कामं, प्रत्येक किमान ४० टक्के किमतीचं. किंवा दोन कामं, प्रत्येक ५० टक्क्यांचं. किंवा एक काम ८० टक्क्यांचं. शिवाय गेल्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के. म्हणजे दहा कोटींचं काम असेल तर चार-चार कोटींची तीन, पाच-पाच कोटींची दोन किंवा आठ कोटींचं एक काम पूर्ण केल्याचा दाखला हवा आणि उलाढाल किमान तीन कोटींची हवी.

आकडे सोपे आहेत. अवघड शब्द आहे तो ‘तशीच’. काँक्रीटच्या रस्त्याच्या निविदेत ‘रस्त्यांची कामे’ एवढंच लिहिलं, तर आयुष्यभर मुरूम आणि डांबर टाकणारा पात्र ठरतो. उलट ‘अमुक जाडीचा, अमुक लांबीचा, अमुक यंत्राने घातलेला काँक्रीट रस्ता’ असं लिहिलं, तर जिल्ह्यात एकच माणूस उरू शकतो. या एका व्याख्येवर काम कोणाला मिळणार हे अर्धंअधिक ठरतं. मला निविदेत एकच ओळ वाचायची मुभा असती, तर मी ही ओळ वाचली असती.

हातात आधीच किती कामं आहेत

अनुभव आहे, पैसा आहे, पण माणूस आधीच गळ्यापर्यंत कामात बुडाला असेल तर? त्यासाठी एक सूत्र आहे. त्याला निविदा क्षमता म्हणतात.

गेल्या पाच वर्षांत एका वर्षात त्याने जास्तीत जास्त किती रुपयांचं काम केलं, तो आकडा घ्या. त्याला नव्या कामाच्या मुदतीने, वर्षांमध्ये, गुणा. पुन्हा एका ठरावीक गुणकाने गुणा. काही खाती दीड धरतात, काही दोन. आलेल्या रकमेतून त्या मुदतीत पूर्ण करायच्या हातातल्या कामांची किंमत वजा करा. उरेल ती क्षमता.

समजा एखाद्याने सर्वाधिक वीस कोटींचं काम एका वर्षात केलं. नव्या कामाची मुदत दीड वर्ष, गुणक दोन. वीस गुणिले दीड गुणिले दोन, साठ कोटी. पुढच्या दीड वर्षात त्याला आधीची बावन्न कोटींची कामं पुरी करायची आहेत. उरले आठ कोटी. दहा कोटींच्या निविदेला तो अपात्र.

पण हातातल्या कामांची यादी कंत्राटदार स्वतःच प्रतिज्ञापत्रावर देतो. त्याने बावन्नऐवजी पस्तीस लिहिले तर क्षमता पंचवीस कोटी होते आणि तो बिनबोभाट पात्र ठरतो. बांधकाम विभागाच्या त्या कार्यालयाला आपली कामं माहीत असतात. त्याच माणसाकडे जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, पाटबंधारे खात्याची किती कामं आहेत, हे विचारायला कोणी फोन करतंच असं नाही. नवा रस्ता सहा महिने अर्धवट पडून असतो, कारण त्याचा रोलर आणि माणसं दुसऱ्या तालुक्यात असतात. आपण त्याला दिरंगाई म्हणतो. खरं तर ती छाननीच्या दिवशीच कागदावर दिसायला हवी होती.

मग दर इतका खाली का जातो

एक कारण आकडेमोडीतलं आहे. दहा जण एकाच कामाचा खर्च काढतात तेव्हा कोणी चुकून थोडा जास्त धरतो, कोणी चुकून कमी. कमीत कमी दराला काम द्यायचं ठरलं की निवडला जाण्याची शक्यता त्याचीच सर्वात जास्त, ज्याची चूक खालच्या बाजूला सर्वात मोठी आहे. एका अमेरिकी तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हे लिलावांच्या संदर्भात पहिल्यांदा मांडलं. तिथे जास्त बोली लावणारा फसत होता, इथे कमी लावणारा फसतो. जिंकल्यावर त्याच्या लक्षात येतं की यात पैसे सुटत नाहीत. मग तो सिमेंट वाचवतो, वाढीव बाबी मागतो किंवा काम सोडतो.

दुसरं कारण रोकड. जुन्या कामाचं बिल अडकलेलं आहे, सळईवाला दारात उभा आहे, तर नवं काम मिळालं की त्याच्या पहिल्या बिलातून जुनं देणं भागवता येतं. असा माणूस कितीही खाली जातो. इथे दोष एकट्या कंत्राटदाराच्या गळ्यात घालणं मला पटत नाही. थकीत बिलांसाठी राज्यभर कंत्राटदारांना २०२५ मध्ये आंदोलनं करावी लागली. वेळेवर पैसे न देणाऱ्या मालकाकडे चांगली माणसं निविदा भरायचीच थांबतात. जे उरतात त्यांच्यातूनच मग निवड होते.

फार खाली जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दर जितका खाली, तितकी अनामत जास्त. काम अर्धवट सोडलं तर ती जप्त. यामुळे उथळ धाडस कमी होतं, पण हातचं काम कसंबसं आटोपून अनामत सोडवून नेणाऱ्याला ती अडवू शकत नाही. त्याला अडवायला कामावर हजर असलेला अभियंताच लागतो.

आपल्या सोसायटीतही हेच

हे सगळं सरकारी वाटत असेल तर इमारतीच्या दुरुस्तीची निविदा हातात घ्या. बाहेरचा गिलावा आणि गंजलेल्या सळयांभोवतीची पॉलिमर मॉर्टरची दुरुस्ती, या दोनच बाबी धरू. सल्लागाराने अंदाज दिला: गिलावा १,००० चौरस मीटर, पॉलिमर मॉर्टर १०० चौरस मीटर.

पहिल्या कंत्राटदाराने गिलाव्याला ७०० रुपये आणि मॉर्टरला ३,००० रुपये दर भरला. एकूण दहा लाख. दुसऱ्याने गिलाव्याला ८५० आणि मॉर्टरला १,८०० भरले. एकूण १० लाख ३० हजार. समितीने तीस हजार वाचवले आणि पहिल्याला काम दिलं.

परांची बांधली, हातोडीने गिलावा ठोकून पाहिला, पोकळ आवाज येईल तिथला काढला, तर आतले स्तंभ आणि तुळया अंदाजापेक्षा जास्त खराब निघाल्या. जुन्या इमारतीत हे नेहमीचंच. मॉर्टरचं काम १०० वरून ४०० चौरस मीटरवर गेलं. आता पहिल्याचं बिल होतं १९ लाख. दुसऱ्याचं झालं असतं १५ लाख ७० हजार. वाचवलेल्या तीस हजारांपायी ३ लाख ३० हजार जास्त गेले.

आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण दर भरण्याची ही तऱ्हा मुरलेल्या कंत्राटदारांना पाठ असते. कुठली बाब वाढणार हे त्यांना सल्लागाराआधी कळतं. तिथे दर चढा ठेवायचा आणि वाढणार नाही तिथे पाडायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे सुरुवातीच्या कामांना, परांची, तोडफोड, यांना भरमसाट दर आणि शेवटच्या रंगकामाला नगण्य. म्हणजे पैसा आधी हातात येतो आणि रंगाची वेळ येते तेव्हा त्याला थांबायचं कारण उरत नाही.

म्हणून तुलना तक्त्यातली शेवटची बेरीज पाहून उठू नका. प्रत्येक ओळ आडवी वाचा. एखाद्याचा दर बाकीच्यांपेक्षा फारच वर किंवा फारच खाली असेल तर त्याच्याकडून दराचं पृथक्करण मागा, म्हणजे त्यात माल किती, मजुरी किती. आणि सल्लागाराला विचारा की अनिश्चित बाबी दुप्पट झाल्या तर कोण सर्वात स्वस्त राहतो. अर्ध्या तासाचं काम आहे, पण सर्वसाधारण सभेत ते कोणी करताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

गुणवत्तेला गुण देता येत नाहीत का

येतात. गुणवत्ता आणि खर्च दोन्हींना गुण देऊन बेरीज करायची, अशी पद्धत सल्लागार नेमताना पूर्वीपासून आहे. बांधकामांना ती आपल्याकडे सहसा चालत नव्हती. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दार उघडलं: सक्षम अधिकाऱ्याने एखादं काम गुणवत्ताप्रधान म्हणून घोषित केलं, तर केंद्राच्या बांधकामांनाही ही पद्धत वापरता येते. मात्र गुणवत्तेचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के.

तीन कंत्राटदार धरू. पहिल्याचा दर ९ कोटी आणि तांत्रिक गुण ७०. दुसऱ्याचा ९ कोटी ६० लाख, गुण ९०. तिसऱ्याचा १० कोटी ५० लाख, गुण ९५. सर्वात कमी दराला १०० गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात, म्हणजे दुसऱ्याला ९३.७५ आणि तिसऱ्याला ८५.७१. आता तांत्रिक गुणांचे ३० टक्के आणि दराच्या गुणांचे ७० टक्के यांची बेरीज केली तर पहिला ९१, दुसरा साधारण ९२.६, तिसरा ८८.५. काम दुसऱ्याला. साठ लाख जास्त गेले, पण कामाच्या दृष्टीने बराच सरस माणूस मिळाला. तिसरा अजून थोडा सरस होता, पण त्या थोड्यासाठी आणखी नव्वद लाख मोजायला ही पद्धत तयार नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं.

‘गुण देणं म्हणजे वशिल्याला आमंत्रण’

हा आक्षेप खरा आहे आणि एल-वन पद्धत टिकून आहे ती याच भीतीवर. दर हा आकडा आहे, त्यात कोणाला ढवळाढवळ करता येत नाही. ‘कामाची पद्धत: २० पैकी १७ गुण’ यात मात्र सतरा का आणि चौदा का नाही, याचं उत्तर देणाऱ्याच्या मनात असतं.

उपाय एवढाच की गुण कशाला मिळणार हे निविदेतच मोजता येईल असं लिहायचं. मुदतीत पूर्ण केलेल्या प्रत्येक कामाला इतके, दहा वर्षांचा अनुभव असलेला प्रकल्प अभियंता असेल तर इतके, अपघाती मृत्यू झाला असेल तर इतके वजा. ‘एकंदर छाप’ अशा रकान्याला जागाच ठेवायची नाही.

आणि वशिला एल-वनमध्येही लावता येतोच. अट अशी घालायची की एकालाच बसेल. हॉटमिक्स प्लांट, म्हणजे डांबर आणि खडी गरम करून मिसळणारा कारखाना, कामापासून अमुक किलोमीटरच्या आतच हवा, म्हटलं की तालुक्यातला एकच माणूस उरतो. अशा अटींविरुद्ध न्यायालयात जाता येतं, पण न्यायालयं सावध असतात. नागपूर मेट्रोच्या कंत्राटावरून उभ्या राहिलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं की निविदेचा अर्थ लावायला ती तयार करणारी संस्थाच सर्वात योग्य. हेतू वाईट असेल किंवा अर्थ अगदीच विपरीत लावला असेल तरच न्यायालय हात घालेल. त्यामुळे वाईट अटीवर आक्षेप घ्यायची खरी वेळ निविदापूर्व बैठकीत, म्हणजे निविदा भरण्याआधी इच्छुकांच्या शंका ऐकायला बोलावतात त्या बैठकीत असते, काम दिल्यावर नाही.

‘मग मोठ्या कंपनीलाच थेट देऊन टाका ना’

मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ माणसं गेली. दुरुस्ती आणि देखभालीचं काम घड्याळं बनवणाऱ्या कंपनीकडे होतं. निविदा का काढली नाही, असा सवाल गुजरात उच्च न्यायालयाने नगरपालिकेला केला. नाव मोठं असणं आणि ते काम येणं यांचा संबंध असेलच असं नाही. शिवाय ज्याच्या नावावर काम आहे तो ते पोट-कंत्राटदाराला देऊन मोकळा होतो. कागद एकाचे, काम दुसऱ्याचं. पहिल्या लिफाफ्यात ज्याची परीक्षा झाली तो साइटवर कधी फिरकतच नाही.

कडक छाननीलाही मर्यादा आहेत. मुंबई महापालिकेने सुमारे चारशे किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायला काढले, तेव्हा छोट्या कंत्राटदारांना दूर ठेवण्यासाठी भागीदारीतल्या निविदांना बंदी केली आणि मोठ्या महामार्गांच्या कामांचा अनुभव मागितला. पहिली निविदा २०२२ मध्ये पुरेसा प्रतिसाद न मिळाल्याने रद्द झाली. दुसऱ्या फेरीत पाच कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींहून जास्त किमतीची कामं गेली. त्यातल्या शहर विभागाचं कंत्राट काम सुरूच होत नाही म्हणून पालिकेला नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द करावं लागलं आणि दंड ठोठवावा लागला. महामार्गावर मोकळी जागा आणि सलग लांबी मिळते. मुंबईच्या गल्लीत खाली वीजवाहिन्या, गटारं, पाण्याची लाइन, वर दिवसभर वाहतूक. तो अनुभव वेगळा. अट कडक होती, पण ती या कामाला लागणाऱ्या अनुभवाची नव्हती, असं मला वाटतं.

काम संपल्यावर काय लिहून ठेवतो

आपल्या पद्धतीतली सर्वात मोठी उणीव इथे आहे. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर बहुधा रक्कम, तारीख आणि ‘काम समाधानकारक’ एवढंच असतं. मुदतीपेक्षा वर्षभर उशिरा झालं, चाचणीत काँक्रीटचे ठोकळे नापास झाले, दोष दायित्व कालावधीत, म्हणजे बिघाड कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, त्याला चार पत्रं पाठवावी लागली, यातलं काही त्या दाखल्यावर नसतं. पुढच्या निविदेत तोच दाखला अनुभव म्हणून जोडला जातो.

काळ्या यादीत टाकणं हा टोकाचा उपाय आहे. म्हणणं ऐकून न घेता कोणाला काळ्या यादीत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच सांगितलं आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे उत्तम आणि काळ्या यादीतला यांच्या मधले सगळे एकाच रांगेत राहतात. शिवाय काळ्या यादीत गेलेला नातेवाइकाच्या नावाने नवी फर्म काढतो. प्रत्येक कामाला मुदत, चाचण्या, सुरक्षितता आणि दोषदुरुस्ती यांचे गुण देऊन ते सर्व खात्यांना दिसतील अशा एका जागी ठेवले, तर पहिल्या लिफाफ्यात शपथपत्रांपेक्षा भरवशाचं काहीतरी येईल. हातातल्या कामांची यादीही त्याच जागी आपोआप तयार होईल, आणि बावन्नचे पस्तीस करायची सोय राहणार नाही.

तोवर निदान एवढं करता येतं. तुमच्या रस्त्याची निविदा महाटेंडर्सवर शोधा. किती जणांनी भरली, किती अपात्र ठरले, कोणाचा दर किती, हे तिथे दिसतं. मग माहिती अधिकारात तीन कागद मागा: तांत्रिक छाननीचा अहवाल, निविदा क्षमतेचं गणित आणि हातातल्या कामांचं प्रतिज्ञापत्र. त्या प्रतिज्ञापत्रातली यादी जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या कामांशी ताडून पाहा.